सर, बिल्ला पूजेत आहे

मी भवानीच्या गळ्यातला बिल्ला बोलतोय. जरा घाईत बोलतोय, तेवढं सांभाळून घ्या. एचआरची रम्या कात्री शोधायला गेलीय, आणि ती परत आली की माझं बोलणं संपलं. ह्या ऑफिसात एरवी कुठलीच वस्तू जागेवर सापडत नाही. देवा, आजही सापडू नये.

आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. तळहातात मावेल एवढा प्लॅस्टिकचा तुकडा, पोटात एक चिप, वर नाव, नावाशेजारी फोटो. असल्या जिवाला भ्यायचं काय कारण, असं तुम्ही म्हणाल. पण माझं राहणं पडलं नेमकं छातीवर. भवानीचं काळीज धडधडलं की मी आपोआप हलायचो. लोकांना वाटायचं, एसीचा वारा लागतोय.

ऑफिसात मला आयडी म्हणतात. बिल्ला हे नाव भवानीच्या अत्तेनं ठेवलं. तिनं रेल्वेच्या हमालांच्या दंडावर पितळी बिल्ले पाहिले होते. मला हेच नाव आवडतं, त्यात जरा मान आहे.

माझा जन्म रम्याच्या ह्याच टेबलावरचा. रम्यानं भवानीला भिंतीपुढे उभं केलं आणि कॅमेरा धरला. तेवढ्यात मागचं दार कोणीतरी धाडकन लावलं, भवानी दचकली आणि फोटो निघाला. त्यामुळे माझ्यावरच्या फोटोत ती समोर बघतच नाही. डोळे दाराकडे, मान आखडलेली. रम्या म्हणाली, "दुसरा काढू?" भवानी म्हणाली, "नको, चालेल." पुढे मला कळलं की हे तिचं नेहमीचंच आहे. हॉटेलात सांबार गार आलं तरी चालेल, बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तरी चालेल.

आमचं ऑफिस नुंगंबाक्कमला, एका काचेच्या इमारतीत. काम असं की परदेशातल्या दवाखान्यांतले डॉक्टर पेशंट तपासून काय आढळलं ते लिहून ठेवतात. ते लिहिलेलं इथं चेन्नईत येतं. भवानीसारखी मुलं-मुली ते वाचून प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला कोड देतात, आणि त्या कोडवर तिकडची विमा कंपनी दवाखान्याला पैसे देते. आजार जितका जड, तितके पैसे जास्त. ह्या कामाची मोठी परीक्षा असते. भवानी ती दुसऱ्या खेपेला पास झाली तेव्हा अत्तेनं अख्ख्या गल्लीत शिरा वाटला होता.

कामाचा पहिला नियम सोपा. डॉक्टरनं लिहिलंय तेवढंच धरायचं, पदरचं काही घालायचं नाही. शंका आली तर त्या डॉक्टरलाच लेखी विचारायचं. त्याला क्वेरी म्हणतात. फाइल पुढे जाते ती कोडरच्या नावानं. कोणी मुद्दाम खोटा कोड घातला तर त्याचं सर्टिफिकेट जातं, आणि ते एकदा गेलं की ह्या धंद्यात पुन्हा कोणी दारात उभं करत नाही.

घरी म्हणजे मैलापूरला तिचे अप्पा गुरुमूर्ती आणि त्यांची बहीण विमलाअत्ते. माणसं मूळची तंजावरची मराठी. त्यांचं मराठी जुनं आहे आणि तमिळच्या चालीवर चालतं, त्यामुळे पहिले काही दिवस मला अर्धं कळायचंच नाही. अप्पा रेल्वेच्या तिकीट खिडकीवर होते. खिडकीपलीकडून कोणी आवाज चढवला की त्यांना घाम फुटायचा म्हणे. अत्ते घरी ब्लाउज शिवते. ती एकटी कोणाला भीत नाही, फक्त देवाला भिते.

आता रविकांत सर. भवानीच्या टीमचे लीड. साताऱ्याकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. सगळ्या मजल्यावर मराठी बोलणारी ही दोघंच. तिचं ते तंजावरी ऐकून पहिल्या दिवशी ते पोट धरून हसले होते. "अगं, तू तर माझ्या पणजीसारखी बोलतेस!" पण मनानं बरे वाटले. दिवाळीत चिवड्याची पिशवी आणून दिली, चूक झाली तर चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन समजावलं. भवानीनं घरी सांगितलं, "आपलेंच माणूस अहे." माझ्यावरही त्यांचं बोलणं ऐकूनच असं मराठी चढलंय.

मग नवं काम आलं. सगळे पेशंट म्हातारे. आणि रविकांत सरांचा सूर बदलला.

"भवानी, तुझ्या फाइली फार हलक्या जातायत गं. क्लायंट कुरकुरतोय."

"सर, लिहिलें अहे तितकेंच दिलें."

"लिहिलेलं काय, कोणीही वाचेल. डॉक्टरच्या मनात काय होतं ते ओळखायला शिक."

भवानीनं मान हलवली. मला कळलं की तिला कळलंय. छातीत एकदम धस्स झालं.

त्यात एका आजीबाईंची फाइल होती. नाव सांगणार नाही. पेशंटचं नाव बाहेर बोलायचं नाही अशी भवानीनं शपथ घेतलीय, ती मीही पाळतो. डॉक्टरनं लिहिलं होतं की सात वर्षांपूर्वी मेंदूचा झटका येऊन गेला, आता बऱ्या आहेत, स्वेटर विणतात. नवरा गेल्यापासून जेवण कमी झालंय, मन उदास असतं. बस, एवढंच.

रविकांत सर मागे येऊन उभे राहिले. "झटका आलाय ना? मग दे की झटक्याचा कोड."

"तो जुना अहे सर. जुन्याचा कोड वेगळा."

"आणि जेवण कमी म्हणजे गंभीर कुपोषण घाल."

"वजनाचें कांहींच लिहिलें नाहीं, सर."

"तू डॉक्टर आहेस का, भवानी?"

"नाहीं सर."

"मग?"

ह्या 'मग'ला उत्तर होतं. डॉक्टर नाही म्हणूनच मला मनानं आजार लावता येत नाही, हे ते उत्तर. पण ते तिला सुचलं घरी जाताना बसमध्ये. तिथं ती ते ओठांतल्या ओठांत पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि मला मुठीत इतकं आवळत होती की माझी कड तिच्या तळव्यात रुतली. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, बरं नाही का वाटत म्हणून.

ती त्या आजीबाईंचाच विचार करत होती. उद्या त्या कुठं पडल्या, वेगळ्या दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या डॉक्टरनं वाचलं की नुकताच झटका येऊन गेलाय, तर तो काय औषध देईल? तिनं हे अप्पांना विचारलं. अप्पांनी आधी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "मान खालीं घालून काम कर, कण्णा. वरच्यांच्या तोंडास लागूं नको." तिच्या ताटातला भात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं गुपचूप त्या आजीबाईंच्या डॉक्टरला क्वेरी पाठवली. झटका आत्ताचा की जुना, एवढाच प्रश्न. उत्तर येईपर्यंत फाइल अडकवून ठेवायची असते, तशी ठेवली. आणखीही बऱ्याच फाइली तिनं अशाच अडकवल्या. तिच्यापुरतं हे फार मोठं धाडस होतं. पाठवल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली, नळ सोडला आणि नुसती पाण्याकडे बघत राहिली.

खरं सांगू? मी मनातल्या मनात तिला म्हणत होतो, अगं घालून टाक तो कोड आणि सुटका कर. कारण मी विश्वेशचं काय झालं ते पाहिलं होतं.

विश्वेश तिच्या शेजारी बसायचा. तो तोंडावर बोलला होता, असले कोड मी देणार नाही. एक दिवस सकाळी त्यानं त्याचा बिल्ला दाराला लावला आणि दार उघडलंच नाही. पुन्हा लावला. लाल दिवा. आत आम्ही सगळे, बाहेर काचेपलीकडे तो, आणि एकाचीही मान वर झाली नाही. वॉचमन त्याच्या गळ्यातून बिल्ला काढून घेत होता तेव्हा तो बिल्ला मला दिसला. रोज ज्या दाराशी ओळख, त्या दारानं ओळख दाखवू नये, ह्याहून भयंकर मला काही माहीत नाही. माझी तर पाचावर धारण बसली.

एक मात्र सांगायला हवं. रविकांत सर जवळ आले की त्यांचा बिल्ला माझ्याजवळ यायचा. तोही हलत असायचा. त्यांनाही वरून फोन यायचे, त्यांचंही काळीज ठिकाणावर नसायचं. भवानीला हे दिसायचं नाही, तिला फक्त त्यांचा आवाज ऐकू यायचा.

एकदा सिस्टिम अडकली. ते म्हणाले, "तुझा पासवर्ड सांग, मी बघतो." पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही इथं माहीत आहे. भवानी नको म्हणणार होती. तोंडातून निघालं, "चालेल."

आयुधपूजा जवळ आली. ऑफिसात ती आदल्या दिवशीच उरकतात, कारण सणाला सुट्टी असते. प्रत्येक कॉम्प्युटरला चंदनाचा टिळा, कुंकू, फूल, मग सगळ्यांना चुरमुरे आणि गूळ. रविकांत सरांनी हौसेनं आरती धरली. पूजा झाली आणि घटकाभरात सगळे त्याच कॉम्प्युटरवर कामाला बसले. हे त्यांनी पाहिलं. हे लक्षात ठेवा.

चुरमुरे खाता खाता ते भवानीजवळ आले. आवाज अगदी मऊ.

"उद्या सुट्टीला ये. मजला रिकामा असेल, कोणी बघायला नाही. तुझ्याकडे अडकलेल्या सगळ्या फाइली मी सांगतो तशा पाठवून टाकू. उद्याच्या उद्या गेल्या पाहिजेत."

"सर, क्वेरी..."

"विश्वेश आठवतोय ना तुला?"

भवानीच्या हातातले चुरमुरे सांडले. "येतें, सर," ती म्हणाली.

आयुधपूजा म्हणजे ज्याच्यावर पोट चालतं त्या हत्याराची पूजा. तुमच्याकडे खंडेनवमीला, दसऱ्याला करतात तीच. पण इकडे घरोघर एक गोष्ट जास्तीची पाळतात. पूजेत ठेवलेली वस्तू त्या दिवशी उचलायची नाही. पुस्तक ठेवलं तर वाचायचं नाही, कात्री ठेवली तर कापड बेतायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा करायची आणि मगच हात लावायचा. अत्तेच्या मते सरस्वती त्या वस्तूंवर येऊन बसलेली असते, तिला ऊठ कसं म्हणायचं?

सकाळी अत्तेनं पाट मांडला. शिवणाचं मशीन पुसून ओढून आणलं. पाटावर तिची मोठी कात्री, विळी, अप्पांचं शाईचं पेन. समई लावली. भवानी अंघोळ करून, कपडे करून, मला गळ्यात घालून तयार. पूजा झाली की निघायचं ठरलेलं.

"तुझें आयुध कोणतें ग, भवानी?" अत्तेनं विचारलं. "कीबोर्ड तर हापिसांत राहिला."

भवानी उभीच राहिली. मी छातीवर होतो म्हणून सांगतो, तसं धडधडणं मी कधी अनुभवलं नाही. विश्वेश दाराबाहेर उभा होता तेव्हाही नाही. मला वाटलं ती म्हणेल, नको, चालेल. तिनं मानेमागे हात नेला आणि मला काढलं. हात असा थरथरत होता की मी झोका खाऊन समईवर आपटलो. पण तिनं मला पाटावर ठेवलं, कात्रीशेजारी, आणि दोन पावलं मागे सरकली.

अप्पा म्हणाले, "अग, तुज हापिसांत जायचें होतें ना?"

"अत्तां कसें जाऊं, अप्पा? बिल्ला पूजेत अहे."

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. भित्र्या माणसाला भित्र्याचं लवकर कळतं. ते उठले आणि दाराला आतून कडी घातली.

अत्तेनं माझ्या कपाळी, म्हणजे भवानीच्या फोटोवरच, चंदन लावलं. वर कुंकू. थंडगार वाटलं. पण कात्रीचं टोक माझ्याकडे होतं आणि मला दुसरं काही सुचेना.

दुपारी फोन वाजला. घाबरली की भवानी फोन कानापासून लांब धरते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"कुठं आहेस? मी येऊन बसलोय."

"सर, बिल्ला पूजेत अहे."

रविकांत सर हसले. "अगं, पूजा झाली ना? मग उचल आणि ये. आमच्याकडे गाडीला हार घातला की त्याच गाडीवर बसून आम्ही देवीला जातो."

"सर..."

"येतेस ना?"

"येतें, सर."

आणि ती गेली नाही. नाही म्हणायला तिची जीभ वळेना, आणि जायला पाय उचलेना. पाटासमोर भिंतीला टेकून बसून राहिली. फोन पुन्हा वाजला. मग वाजायचा थांबला. वाजत होता तोवर एक बरं होतं, थांबल्यावर तिनं फोन पालथा घातला. अत्ते सुंडल घेऊन आली. त्यातले हरभरे भवानी वाटीतच फिरवत बसली.

विजयादशमीला सकाळी अत्तेनं पुन्हा दिवा लावला, हात जोडले आणि मला तिच्या हातात दिलं. भवानी पदरानं चंदन पुसायला गेली. अत्ते ओरडली, "अय्यो, राहूं दे! देवाचें अहे तें." म्हणून मी तसाच, कपाळाला चंदन फासून पुन्हा ऑफिसात गेलो.

दार उघडेल का? त्या एका श्वासात माझा जीव गेला आणि आला. हिरवा दिवा लागला.

पण आत कॉम्प्युटर लावला आणि भवानी खुर्चीतून अर्धी उठली. तिच्या अडकलेल्या फाइलींतली एकही जागेवर नव्हती. सगळ्या गेलेल्या. सुट्टीच्या दिवशी, तिच्या पासवर्डनं, तिच्या नावानं. आजीबाईंना ताजा झटका आला होता, गंभीर कुपोषण झालं होतं, आणि खाली नाव होतं भवानी गुरुमूर्ती.

रविकांत सर आले. "तुझी वाट बघून मीच पाठवल्या. तू मागनं आलीस तेव्हा बघितलंच असशील. वर मी सांगितलंय की भवानीनं सुट्टीला येऊन काम संपवलं. तुझं नाव झालंय. आता तोंड बंद ठेव म्हणजे झालं."

त्यांना वाटत होतं ती उशिरा का होईना, येऊन गेली. 'येतें' म्हणाली होती ना. आणि त्यांच्या मते न यायला कारणच काय होतं? पूजा तर सकाळीच झाली होती.

भवानीनं खरं सांगितलं नाही. होही म्हणाली नाही. नुसती खाली बघत राहिली, आणि ते निघून गेले. पुढचे दिवस ती पिंजऱ्यातल्या उंदरासारखी वागली. लिफ्ट थांबली तरी दचकायची. सर्टिफिकेट जाणार, अप्पांना कसं सांगायचं, शिरा खाल्लेल्या गल्लीला तोंड कसं दाखवायचं, हेच तिच्या डोक्यात. मला माहीत होतं, कारण ती माझ्याशीच पुटपुटायची.

मग त्या क्वेरीचं उत्तर आलं. आजीबाईंच्या डॉक्टरनं लिहिलं होतं की झटका जुना आहे, मी तसंच लिहिलंय. आणि पुढे विचारलं होतं, मग नव्या झटक्याचा कोड माझ्या पेशंटच्या नावावर कोणी पाठवला?

हे उत्तर तपासणी विभागाच्या विद्युलता मॅडमकडे गेलं. त्यांनी भवानीला खोलीत बोलावलं. रविकांत सर आधीच तिथं बसले होते. मॅडमचं बोलणं तमिळमध्ये होतं, मी आपलं मराठीत सांगतो.

"ह्या फाइली तुम्ही पाठवल्यात?"

भवानीचे ओठ हलले, आवाज नाही. रविकांत सर म्हणाले, "नवीन आहे मॅडम, सुट्टीला येऊन घाईत काम केलं, चुकली. मी समजावतो तिला."

किती सोपं होतं! 'चुकले' म्हटलं की समज देऊन सोडून देतील. नोकरी राहील. मीच जवळजवळ ओरडलो, म्हण चालेल! म्हण एकदा!

भवानीनं मानेमागे हात नेला. मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. तोच थरथरणारा हात. मॅडमनी मला जवळ ओढलं. फोटोवर चंदन वाळून भेगा पडल्या होत्या, कडेला कुंकू अडकलं होतं.

"पूजेत ठेवलं होतं?"

"हो, मॅडम."

"उचललं कधी?"

"दुसऱ्या दिवशी. अत्तेनं पुन्हा दिवा लावल्यावर."

मॅडम थांबल्या. त्यांच्याही घरी तसंच असणार. त्यांनी रविकांत सरांकडे बघितलं. सर हसले, अगदी सहज. "पूजा सकाळीच झाली मॅडम. दुपारनंतर तोच बिल्ला लावून ही आत आली."

"आमच्याकडे तो बिल्ला त्या दिवशी कोणी उचलत नाही, रविकांत," मॅडम म्हणाल्या. "पण माझं राहू दे. आपण दाराला विचारू."

त्यांनी फोन करून विचारलं. दारानं त्या दिवशी मला पाहिलंच नव्हतं. रविकांत सरांच्या छातीवरचा बिल्ला हलताना मी पाहिला. मला आनंद झाला नाही, खोटं कशाला बोलू.

मग भवानी बोलली. आवाज चिरका, डोळ्यांत पाणी, पण बोलली. "त्या फाइली मी पाठवल्या नाहींत. मज पाठवा म्हणून सांगत होते. भय वाटलें, म्हणून कोणास बोललें नाहीं. पासवर्ड मींच दिला, ती माझी चूक. पण त्या आजींस नवा झटका आलेला नाहीं. तेवढें आधीं नीट करा."

घाईत ती घरचं मराठी बोलून गेली होती. मॅडमना एक अक्षर कळलं नाही. भवानीनं डोळे पुसले आणि सगळं पुन्हा तमिळमध्ये सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, तरी एक शब्दही गाळला नाही.

चौकशी संपेपर्यंत तिला घरी बसवलं आणि मला एका पारदर्शक पिशवीत घालून कपाटात. तिथं काळोख. काळीज नाही, धडधड नाही. इतके दिवस ज्या धडधडीला भ्यालो तीच नसल्यावर मला करमेना. ती परत येईल की विश्वेशसारखी दाराबाहेर उभी राहील, हे सांगायला कपाटात कोणी नव्हतं.

आज मला बाहेर काढलं. खोटे कोड मागे घेतले. आजीबाई पुन्हा जुन्या झटक्याच्या, कमी जेवणाऱ्या, स्वेटर विणणाऱ्या आजीबाई झाल्या. दुःख आहे, ते तसंच राहिलं, त्याला कोणी रोग केलं नाही. भवानीला पासवर्ड दिल्याबद्दल लेखी समज मिळाली आणि कामावर परत बोलावलं. चौकशीत बंद केलेली चिप पुन्हा चालू करत नाहीत, म्हणून तिला नवा बिल्ला आणि मला कात्री. रविकांत सरांचा बिल्ला काल ह्याच टेबलावर कापला म्हणे. रम्या सांगत होती की ते खाली बराच वेळ नुसते उभे होते. विश्वेशला कोणी बोलावलं का, ते तिलाही माहीत नाही.

भीती गेली असं समजू नका. आत नवे लीड आलेत, त्यांना भवानीची गोष्ट माहीत आहे. त्यांनी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिनं पर्स छातीशी धरली होती. पण मघाशी रम्यानं नव्या बिल्ल्यासाठी फोटो काढला, तेव्हा मागचं दार पुन्हा धाडकन वाजलं. भवानी दचकली, डोळे मिटले गेले. रम्या म्हणाली, "चालेल?"

"नको," भवानी म्हणाली. "दुसरा काढ."

तुमच्याही गळ्यात माझा कोणी भाऊबंद असेल. त्याच्यावर नाव तुमचं आहे. दुसऱ्याला हवं ते त्या नावाखाली कोणी खपवू लागलं तर त्याच्याशी भांडायला वाघाचं काळीज लागतं असं नाही. घाबरूनच करायचं असलं तरी करता येतं. मी जवळून पाहिलंय.

आली. रम्या आली, आणि हातात कात्री आहे. सापडली एकदाची मेली.

"मी कापूं?" भवानी विचारतेय. "नाव तेवढें मज ठेवून घेऊं दे."

रम्या म्हणतेय, चिप कापली की झालं, बाकीचं घे.

कात्री उघडलीय. भवानीनं मला दोन बोटांत धरलंय आणि चंदनाला धक्का लागू नये म्हणून अंगठा बाजूला घेतलाय. मला फार भीती वाटतेय हो. तिचा हातही थरथरतोय. थरथरू दे. ह्याच हातानं तिनं मला देवापुढे ठेवलं होतं.